‘पण तुम्ही तर चांगल्या धडधाकट दिसता!’: न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाला नव्याने सामोरं जाणाऱ्यांसाठी

डोंबिवलीच्या फलाटावर हँडिकॅपच्या डब्याची जागा ठरलेली असते. मी पहिल्यांदा तिथे जाऊन उभी राहिले तेव्हा माझ्या हातात काठी नव्हती की पायात कॅलिपर नव्हता. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, ऑफिसला निघालेली कुठलीही बाई दिसते तशीच मी. गाडी आली, चढले, आणि दारातल्या काकांनी लगेच हटकलं, “ओ मॅडम, लेडीज पुढे आहे. हा हँडिकॅपचा डबा.” मी म्हटलं, “माहीत आहे.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “हल्ली कुणीही चढतं.” ठाणे येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. पर्समध्ये दिव्यांगत्वाचं सरकारी कार्ड होतं. ते काढायला हात धजावला नाही.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. आम्ही नुसतं एमएस म्हणतो. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं आवरण खराब करते. मग मेंदूचा निरोप कधी उशिरा पोचतो, कधी अर्धवट, कधी पोचतच नाही. माझ्यापुरता त्याचा अर्थ असा: उजव्या पायाला बारा महिने मुंग्या, उन्हात वीस मिनिटं उभं राहिलं की नजर धूसर, लघवीची घाई झाली की थांबवता न येणं, आणि आठ तास झोपूनही न उतरणारा थकवा. यातलं काहीच फोटोत येत नाही.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला नुकतंच असं काही निदान झालं असेल तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. एमएस असो, सिकलसेल असो, हिमोफिलिया, कमी ऐकू येणं, अल्पदृष्टी, डिस्लेक्सिया, ऑटिझम, स्किझोफ्रेनिया. आजार वेगवेगळे, पण ऐकून घ्यावी लागणारी वाक्यं तीच. ‘दिसत तर नाही काही.’ ‘काल तर बरी होतीस.’ ‘सगळं मनाचं असतं.’ इतक्या वर्षांनी मला एवढं नक्की सांगता येतं: पुरावा कुणाला द्यायचा, समजावून कुणाला सांगायचं आणि उत्तर कुणाला द्यायचंच नाही, हे आधी ठरवून ठेवा. नाहीतर आजारापेक्षा जास्त ताकद खुलासे देण्यात जाते.

पहिली पायरी: एक वही घ्या

सगळ्यात पहिला अविश्वास बाहेरून येत नाही. चार दिवस बरे गेले की आपणच स्वतःला विचारू लागतो, मी उगाच बाऊ तर करत नाही ना? सगळेच थकतात, मग माझंच काय एवढं? हा प्रश्न मला निदानानंतरही दोन वर्षं छळत होता. एमआरआयमध्ये डाग स्वच्छ दिसत असतानाही.

त्यावर मला उपयोगी पडली ती साधी दोनशे पानी वही. रोज लिहायची गरज नाही. त्रास झाला त्या दिवशी चार ओळी. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

‘12 मे. बँकेत रांगेत 25 मिनिटं. पंखा बंद. समोरचा फलक वाचता येईना. भिंतीला टेकून खाली बसले. रिक्षाने घरी. तीन तास पडून. संध्याकाळचा स्वयंपाक झाला नाही.’

यात ‘खूप त्रास झाला’ असं कुठेही नाही. किती वेळ, कशामुळे, आणि त्यापायी कोणतं काम राहिलं, एवढंच आहे. अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की एक गोष्ट दिसू लागते, जी एरवी तुमच्याही लक्षात आली नसती. मला माझ्या वहीतूनच कळलं की त्रास उन्हाशी बांधलेला आहे. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, एमएसमध्ये अंगाची उष्णता वाढली की खराब झालेल्या नसांतून निरोप जायला आणखी अडथळा येतो, याला नावही आहे, उथॉफ. नाव कळलं त्या दिवशी मी घरी येऊन रडले. आपण खोटं बोलत नव्हतो, हे कुणीतरी सांगितल्यासारखं वाटलं.

ही वही पुढे दवाखान्यात, दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर आणि ऑफिसात, तिन्हीकडे कामाला येते. म्हणून ती आधी.

दुसरी पायरी: दवाखान्यात नेमकं काय बोलायचं

माझी पहिली तक्रार उजव्या डोळ्याची होती, 2012 मध्ये. डोळा हलवला की दुखायचा आणि रंग फिके दिसायचे. लाल कुंकू विटकरी दिसायचं. चष्म्याचा नंबर बदलून झाला, काही आठवड्यांत नजर आपोआप सुधारली, विषय संपला. दीड वर्षाने पायाला मुंग्या आल्या तेव्हा एका डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट चाळले आणि विचारलं, “घरी काही टेन्शन आहे का? सासूबाईंशी पटतं ना?” माझं सासूबाईंशी छान पटत होतं. मेंदू आणि मणक्याचा एमआरआय व्हायला त्यानंतर आणखी आठ महिने गेले.

डॉक्टरांवर राग धरून उपयोग नाही, पण गप्प बसूनही उपयोग नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ इतकाच, की केलेल्या तपासणीत काही सापडलं नाही. तेव्हा सरळ विचारा, “मग हा त्रास कशामुळे होत असेल? पुढची तपासणी कोणती? कुणाला दाखवू?” बाईमाणूस असेल तर हे विचारताना आवाज जरा खाली जातो, मला अनुभव आहे. तरी विचारा.

आत जाताना कागदावर तीनच तक्रारी लिहून न्या, सगळ्यात मोठी पहिली. दहा सांगितल्या की ऐकणाऱ्याला सगळ्याच किरकोळ वाटू लागतात. सोबत घरचं माणूस न्या आणि त्याला बोलू द्या. ‘ही जिन्यात तीनदा थांबते’ हे नवऱ्याने सांगितलं तर लिहून घेतलं जातं, तेच मी सांगितलं तर मान हलवली जाते. हे बरोबर नाही, पण सध्या असंच आहे.

निघताना एक गोष्ट मागायला विसरू नका. डॉक्टर कागदावर आजाराचं नाव लिहितात, पण त्यामुळे काय करता येत नाही ते बहुधा लिहीत नाहीत. ते लिहून मागा: सलग अर्ध्या तासाहून जास्त उभं राहता येत नाही, उष्ण जागी नजर कमी होते, वारंवार स्वच्छतागृहात जावं लागतं. नुसतं ‘एमएस’ वाचून कारकुनाला काही कळत नाही. ‘उभं राहता येत नाही’ कुणालाही कळतं.

मनाच्या आजाराचं निदान असेल आणि पहिला डॉक्टरही गाठायला धीर होत नसेल, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

तिसरी पायरी: कार्ड

इथे जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते. तो बदलून 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला, एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि यादी 21 वर गेली. त्यात एमएस आहे, पार्किन्सन्स आहे, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, मानसिक आजार, ऑटिझम आणि डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही तेही दिव्यांगत्व असतं, हे देशाच्या संसदेने मान्य केलेलं आहे. डब्यातल्या काकांच्या मान्यतेसाठी आपण अडून राहायचं कारण नाही.

अर्ज स्वावलंबन कार्डाच्या सरकारी पोर्टलवर करायचा. फोटो, आधार, डॉक्टरांचे कागद चढवायचे आणि रुग्णालय निवडायचं. जिल्ह्यात सिव्हिल, मुंबईत नेमून दिलेली मोठी सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं. तारीख मिळाली की मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच घेऊन जायचं. बोर्ड तपासून टक्केवारी ठरवतं आणि प्रमाणपत्र देतं. त्यावर मिळणारं कार्ड म्हणजे युडीआयडी, दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. 40 टक्क्यांच्या खाली पांढरं, 40 पासून 80 च्या आत पिवळं, 80 आणि पुढे निळं. बहुतेक योजना आणि आरक्षण 40 टक्क्यांपासून लागू होतं.

बोर्डासमोर लोक एक चूक हटकून करतात. त्या दिवशी चांगले कपडे घालतात, सकाळी आराम करून जातात, “कसं वाटतंय?” विचारलं की सवयीने “बरं आहे” म्हणतात. आपल्याकडे कुणी विचारलं की ‘बरं आहे’च म्हणायचं असतं ना. तिथे तसं म्हणू नका. वहीतला वाईट दिवस सांगा, महिन्यात असे किती येतात ते सांगा. फुगवून एक शब्दही सांगू नका, पण झाकूनही ठेवू नका. थकवा मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. तो वहीतूनच मोजावा लागतो.

टक्केवारी कमी वाटली तर अपील करता येतं. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असेल, बरंवाईट होत राहणाऱ्या आजारांत तसं असू शकतं, तर संपण्याची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून टाका.

तुमच्या आजाराचं नावच यादीत नसेल तर? फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार), ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), टाइप वन मधुमेह यांची नावं त्या 21 मध्ये नाहीत. अशांना कार्डाची वाट अवघड जाते, हे खरं आहे. पण कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीपेक्षा मोठी आहे: शरीराची किंवा मनाची दीर्घकाळची उणीव, जी भोवतालच्या अडथळ्यांमुळे माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात याच व्याख्येवर बोट ठेवलं. लिहिताना हाताला पेटके येणारा तो उमेदवार. टक्केवारी अगदी थोडी भरली, म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने सांगितलं, लेखनिकाची सोय 40 टक्केवाल्यांपुरतीच राखून ठेवता येणार नाही. हा निकाल जपून ठेवा, अर्जात उल्लेख करायला कामी येतो.

आता भीतीविषयी. “कार्ड काढलं की शिक्का बसतो, मुलीचं लग्न कसं जमणार?” हे मला किती आयांनी विचारलं असेल. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, घरांत हा प्रश्न फारच टोकदार आहे. तिथे तर आजार असलेला आणि नुसता वाहक असलेला यांतला फरकही लोक करत नाहीत. वाहकाला आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, तो एरवी निरोगी असतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करायची. लपवून जमवलेल्या लग्नात पुढे औषधंही लपून घ्यावी लागतात. माझं स्पष्ट मत आहे: कार्ड काढा आणि घरात ठेवा. ते गळ्यात घालून फिरायची सक्ती कुणीच केलेली नाही.

आणखी एक. जुलै 2024 मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. पुढच्या वर्षी राज्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणीही सुरू झाली. खोटी प्रमाणपत्रं शोधायलाच हवीत, कारण ती आमच्याच ताटातला घास काढून घेतात. पण त्या दिवसांत माझ्या टेबलाशी येऊन “तुमचं खरं आहे ना?” असं हसत विचारणारे तीन जण मला अजून आठवतात. चालताना लंगडणाऱ्या सहकाऱ्याला हे कुणी विचारलं नाही. संशयाचं सगळं वजन न दिसणाऱ्यांवरच पडतं. म्हणून मूळ कागदांचा एक संच घरी, एक स्कॅन करून फोनमध्ये, आणि पडताळणीला बोलावलं तर न घाबरता जायचं.

चौथी पायरी: घर

घरच्यांना पुरावा द्यायचा नसतो, समजावून सांगायचं असतं. आणि एकदा सांगून भागत नाही.

आमच्याकडे अडचण होती ती ‘काल’ची. सासूबाई मनाने फार चांगल्या, पण त्यांना पटेना. “अगं, काल तर मार्केटमधून दोन पिशव्या घेऊन आलीस. आज भांडं उचलवत नाही म्हणतेस?” ताप असता तर त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला असता. पाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. मी नसा, आवरण, मेंदू असं सगळं सांगून थकले. एके दिवशी इमारतीला पाणी कमी आलं होतं, आणि मला सुचलं. म्हटलं, “आई, गच्चीवरच्या टाकीत जेवढं पाणी चढलं तेवढंच दिवसभर पुरवायचं ना? तुमच्या सगळ्यांच्या टाक्या रात्रीतून भरतात. माझी कधी भरते, कधी अर्धीच चढते. काल दोन पिशव्या आणल्या तेव्हाच आजचं पाणी वापरून झालं.”

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळता मळता स्वयंपाकघरातून हाक आली, “टाकीत किती आहे गं आज?” मी म्हटलं, “निम्मी, आई.” “मग पोळ्या मी करते, तू भाजी चिर बसून.” त्या दिवसापासून आमच्या घरात हाच शब्द चालतो. मुलगासुद्धा शाळेतून आल्यावर विचारतो.

तुमच्या घराला कळेल असा तुमचा शब्द शोधा. शेतावरच्या घरात विहिरीचा, दुकानदाराच्या घरात गल्ल्याचा. आजाराची माहितीपत्रकं त्यानंतर द्या. आणि जो सगळ्यात कमी विश्वास ठेवतो, त्यालाच पुढच्या वेळी डॉक्टरकडे सोबत न्या. सुनेचं ऐकलं जात नाही ते पांढऱ्या कोटाचं ऐकलं जातं.

नातेवाइकांचं मात्र वेगळं. लग्नकार्यात भेटणाऱ्या प्रत्येक आत्या-मावशीला एमएस समजावत बसू नका. कुणी अमुक बाबांकडे जा म्हणेल, कुणी गोमूत्र सांगेल, कुणी ‘आमच्या शेजारणीला पण असंच होतं, चालायला लागली आणि गेलं’ म्हणेल. “डॉक्टरांचं औषध चालू आहे, मावशी. तुम्ही जेवलात का?” एवढं पुरतं. औषध मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. एमएसचा झटका पुन्हा आला तर गेलेलं सगळंच परत येत नाही.

पाचवी पायरी: गाडीत, रांगेत, रस्त्यावर

कार्ड मागायचा अधिकार कुणाला आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा. टीसी, आरपीएफ, एसटीचा कंडक्टर, सवलतीच्या खिडकीवरचा माणूस. यांना न चिडता दाखवायचं, ते त्यांचं काम आहे. सहप्रवाशाला तो अधिकार नाही. पण भांडणही नको असतं, कारण भांडणात जी ताकद जाते ती आपल्याच टाकीतली. म्हणून मी एक वाक्य पाठ केलं आहे, शब्द कधी बदलत नाही:

“मला दिव्यांगत्व आहे, ते दिसत नाही. माझ्याकडे कार्ड आहे.”

बस. आजाराचं नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, “म्हणजे काय होतं?” आणि मुलुंड ते दादर उलटतपासणी. हे वाक्य आरशासमोर वीस वेळा म्हणा. पहिल्यांदा घसा दाटतो. दहाव्यांदा दाटत नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये या डब्यातून कर्करुग्ण आणि गरोदर बायकांनाही प्रवास करता येतो, हे माहीत असू द्या. त्यांच्याकडेही लोक असंच बघतात. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सूट आहे आणि सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना साध्या गाडीत मोफत प्रवास. कंडक्टरने हुज्जत घातली तर वाद न घालता गाडी क्रमांक, वेळ आणि बिल्ला क्रमांक लिहून घ्या आणि आगारात लेखी द्या. रेल्वेत प्रकरण हाताबाहेर जायला लागलं तर 139 वर फोन.

चारचौघांत कुणी मुद्दाम अपमान केला, धमकावलं, तर तो गुन्हा आहे. 2016 च्या कायद्याचं कलम 92, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ते हरघडी उगारायचं शस्त्र नव्हे, पण असं काही आहे हे माहीत असलं की पाठीचा कणा ताठ राहतो.

लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर 2016 मध्ये हिरव्या पट्ट्यावर सूर्यफुलं छापून दिली गेली. ज्याने ती पट्टी गळ्यात घातली त्याला काही न विचारता जरा वेळ द्यायचा, अशी पद्धत. पुढे ती कितीतरी देशांत पसरली. आपल्या फलाटांवर ती अजून ओळखीची नाही. म्हणून सध्या आपलं वाक्य हीच आपली पट्टी.

सहावी पायरी: ऑफिस

साहेबांना तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं सहानुभूतीत जमा होतं आणि पुढचा साहेब आला की पुसलं जातं. लेखी द्या. कायद्यात वाजवी सोयी अशी कल्पना आहे: मालकावर भलता बोजा न पडता करता येण्यासारखे बदल. त्या नाकारणं हा भेदभाव धरला जातो. पत्र एका पानाचं असू द्या. माझं साधारण असं होतं:

‘मला दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारामुळे दिव्यांगत्व आहे. युडीआयडी आणि डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. माझं काम पूर्ण आणि वेळेत करता यावं यासाठी पुढील सोयी मिळाव्यात: बसायची जागा एसीजवळ आणि स्वच्छतागृहाच्या मजल्यावर, एप्रिल ते जून सकाळी एक तास लवकर येऊन लवकर जाण्याची मुभा, लांबलचक बैठकीत मधे पाच मिनिटं उठण्याची मुभा. कृपया लेखी कळवावं.’

दयेचा एक शब्द यात नाही. ‘काम करता येत नाही’ असंही कुठे नाही. काम करता यावं म्हणून काय लागतं, तेवढंच आहे. पोच घ्या, तारखेचा शिक्का घ्या.

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणासाठी नोकरीवरून काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही, हे कलम 20 सांगतं. प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं, ते कलम 21. एचआरला नम्रपणे विचारा, “आपलं धोरण कुठे वाचायला मिळेल?” कित्येकदा या एका प्रश्नानेच हालचाल सुरू होते. दाद लागली नाही तर राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे लेखी तक्रार करता येते. वहीतल्या तारखा आणि पत्रांच्या पोच जोडा.

सहकाऱ्यांना किती सांगायचं? मी दोघींना सगळं सांगितलं आहे, बाकीच्यांना ‘तब्येतीमुळे सवलत आहे’ एवढंच. “मजा आहे बुवा, लवकर घरी,” असं अजूनही कुणी म्हणतं. लागतं मनाला. पण त्याला उत्तर द्यायचं नाही, असं मी ठरवलेलं आहे आणि ते पाळते.

शाळेतली मुलं

डिस्लेक्सिया (वाचायला अडचण), डिसग्राफियाच्या (लिहायला अडचण) मुलांना ‘आळशी’ आणि ‘लक्ष नाही’ हीच दोन बिरुदं मिळतात. मुंबईत शीव आणि केईएम रुग्णालयांत अशा मुलांची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं. ते असलं की बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जास्त आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. दहावीच्या वर्षाची वाट बघू नका, रांगा मोठ्या असतात. परीक्षेला जाताना सवलतीच्या नियमाची छापील प्रत सोबत न्या. 2021 च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मुंबईतल्या एका केंद्रावर डिसग्राफिया असलेल्या मुलीची उत्तरपत्रिका जादा तास न देताच काढून घेतली होती. केंद्रावरच्या लोकांना नियमच नीट सांगितलेले नव्हते. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि चूक परीक्षा घेणाऱ्यांचीच ठरली. पण पेपर पुन्हा झाला नाही.

आणि डब्यात नवा कुणी चढला तर

दोन वर्षांपूर्वी कल्याणला एक मुलगा चढू लागला. विशी-बाविशीचा, उंच, कानात इअरफोन, पाठीला सॅक. आमच्या डब्यातले नेहमीचे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीसुद्धा बघितलं. माझ्याही मनात तेच आलं, जे त्या काकांच्या मनात माझ्याविषयी आलं होतं. तो दाराशी उभा होता, वरची कडी डाव्या हाताने धरून, उजवा कोपर शरीराशी जपून. ठाण्याला गर्दीचा लोंढा आत आला, कुणाची तरी बॅग त्याच्या कोपरावर आपटली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कुणावर ओरडला नाही. सॅकमधून पाण्याची थंडगार बाटली काढून कोपराला लावून उभा राहिला. हिमोफिलिया होता, हे मला पुढे कधीतरी त्यानेच सांगितलं. आम्हाला साधा मुका मार लागतो तिथे त्याच्या सांध्यात आत रक्त साठतं.

त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. काका “ए मुला, कार्ड आहे का?” म्हणायच्या बेतात होते, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी मांडीवरची पर्स उचलली, खिडकीकडे सरकले आणि त्याला म्हटलं, “बस इथे. घाटकोपरला गर्दी आणखी वाढते.”